अकिंचनतेचे व्रत आणि फ्रान्सिस्कन बंधू

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही काही पंडित नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसून लोकांचे पैसे मोजले, एवढीच आमची ओळख. परंतु विषय आपल्या आवडीचा घ्या, अशी मुभा मिळाली आणि बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न आपल्यापुढे मांडावा असे वाटले.

काही वर्षांपूर्वी एल.टी.सी. घेऊन आम्ही सहकुटुंब गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. ती इमारत मुळात फ्रान्सिस्कन साधूंचा मठ. त्याला लागूनच संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाचे चर्च आहे. आज दिसते ती वास्तू १६६१ सालची. आत गेलो तर समोर सोन्याचा मुलामा दिलेली उंच वेदी. वेदीवर क्रुसावरील येशू आणि त्यांच्याजवळ संत फ्रान्सिस यांची मूर्ती. मूर्तींच्या खाली संतांची तीन व्रते कोरलेली आहेत. दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्या सोन्याखाली दारिद्र्य कसे लिहिले?" आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मिळेल ते वाचू लागलो. आज बोलणार आहोत ते त्या प्रश्नाच्या शोधात हाती लागलेले आहे.

इटलीच्या मध्यभागी उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील असिसी गावात ११८१ किंवा ११८२ साली पिएत्रो बेर्नार्दोने या कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस जन्मले. तरुणपणी ते शौकीन होते. खाणे-पिणे, गाणी, उंची कपडे आणि सरदार होण्याची स्वप्ने. १२०२ साली शेजारच्या पेरुजा शहराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. तेथून परतल्यावर दुखण्याने गाठले आणि मन पहिल्या जागी राहिले नाही.

पुढे मृत्यूपूर्वी त्यांनी एक मृत्युपत्र सांगून लिहवून घेतले. त्यात आपल्या परिवर्तनाचा आरंभ ते देवळापासून किंवा ग्रंथापासून सांगत नाहीत, महारोग्यांपासून सांगतात. ज्यांच्याकडे पाहणेही सहन होत नव्हते, त्यांच्यात जाऊन राहिल्यावर जे कडू होते तेच गोड झाले, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. गावाबाहेर टाकलेल्या माणसाजवळ जाणे ही त्यांच्या धर्मजीवनाची पहिली पायरी ठरली, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

त्यानंतर सान दामियानो या पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी त्यांनी वडिलांचे कापड आणि घोडा विकला. वडिलांनी मुलाला धर्माधिकाऱ्यापुढे, म्हणजे गावच्या बिशपपुढे उभे केले. हा १२०६ सालचा प्रसंग. फ्रान्सिस यांनी पैसे तर परत केलेच, अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांच्या पुढ्यात ठेवले. ज्याच्याकडे सर्व काही होते त्याने भरसभेत काहीही नाही अशी स्थिती स्वीकारली.

हळूहळू सोबती जमले. १२०९ च्या सुमारास अकरा सोबत्यांसह ते रोमला गेले आणि पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनपद्धतीला तोंडी मान्यता दिली. पुढे नियमावली लेखी झाली. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी तिच्यावर मोहोर उठवली. अवघ्या बारा प्रकरणांची ही नियमावली. संघाचे नावही विचार करून ठेवलेले. धाकटे बंधू. त्या काळी गावात थोरले आणि धाकटे असे दोन वर्ग होते. थोरले म्हणजे वतनदार, सरदार. धाकटे म्हणजे बाकीचे सगळे. आपण धाकट्यांत राहायचे, असा त्या नावाचा अर्थ.

नियमावलीच्या आरंभीच तीन व्रते येतात. आज्ञापालन, स्वतःचे असे काहीही नसणे आणि ब्रह्मचर्य. येथे दारिद्र्य हा शब्द नसून स्वतःचे काहीही नसणे असे शब्द आहेत. आपल्या भाषेत याला अकिंचनता म्हणावे. दारिद्र्य हे माणसावर लादलेले असते. ते आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी भोगले आहे, त्यात आध्यात्मिक असे काही नाही. अकिंचनता ही निवडलेली असते. या दोहोंत गल्लत करून गरिबाला त्याच्या गरिबीचे गोडवे ऐकवू नयेत.

हे व्रत पाळायचे कसे, ते नियमावलीने बारकाईने सांगितले आहे. टोपी असलेला एक अंगरखा, हवा तर बिनटोपीचा दुसरा, कमरेला दोरी आणि विजार. कपडा फाटला तर ठिगळ लावावे. तुकडे जोडून शिवलेल्या चीवराची परंपरा ठाऊक असलेल्या आपल्याला याचे मर्म सांगावयास नको. निकड किंवा आजार असल्याशिवाय घोड्यावर बसू नये, कारण घोडा हे सरदाराचे वाहन. ज्याला काम येते त्याने काम करावे, पण प्रार्थनेची वृत्ती मंदावेल असे नव्हे. कामाचा मोबदला म्हणून शरीराला लागेल ते घ्यावे, नाणे मात्र घेऊ नये, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या हातूनही नाही. मोबदला मिळाला नाही तर लाज न बाळगता भिक्षा मागावी. घर नाही, जागा नाही. या जगात वाटसरूसारखे राहावे. कमरेच्या दोरीला तीन गाठी मारण्याची रीत आहे, त्या या तीन व्रतांच्या खुणा.

नाण्याविषयी त्यांच्या चरित्रकाराने एक गोष्ट सांगितली आहे. कोणी भाविकाने देवळात पैसे ठेवले. एका बंधूने ते नुसते उचलून खिडकीत टाकले. फ्रान्सिस यांनी त्याला ते नाणे तोंडात धरून बाहेर नेऊन गाढवाच्या शेणावर ठेवावयास लावले. दिवसभर नोटा मोजणाऱ्या आमच्यासारख्याला ही गोष्ट वाचून प्रथम हसू आले आणि मग जरा अस्वस्थ वाटले.

दुसरी गोष्ट पुस्तकाची आहे. एका नवशिक्या बंधूला स्वतःचे स्तोत्रांचे पुस्तक हवे होते. फ्रान्सिस यांनी त्याला समजावले की आज हे पुस्तक मिळाले की उद्या मोठी पोथी हवीशी वाटेल; पोथी मिळाली की उच्चासनावर बसून तू आपल्याच भावाला हुकूम सोडशील, जा, माझी पोथी घेऊन ये. मालकी माणसाला भावाचा साहेब कशी बनवते, हे यात आले.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जवळची. असिसीच्या बिशपांनी एकदा म्हटले की काहीही न बाळगता जगणे फार कठीण आहे. त्यावर फ्रान्सिस यांचे उत्तर असे की मालमत्ता ठेवली तर ती राखावयास शस्त्रे लागतील, तंटे होतील आणि माणसांवरचे प्रेम आटेल. मित्रहो, आमचे वडील वारले तेव्हा मागे चाळीतली दीड खोली राहिली. त्या दीड खोलीसाठी आम्ही दोघे सख्खे भाऊ तीन वर्षे एकमेकांशी बोललो नाही. वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही दोघांनी दोन कोपरे धरले. आमच्याकडे तलवारी नव्हत्या, वकील होते. अखेरीस खोली विकून पैसे वाटून घेतले. बोलणे सुरू झाले, पण पूर्वीसारखे नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या उत्तराचा खरेपणा आम्ही घरातच पाहिला आहे.

ब्रह्मचर्याच्या व्रतामागेही हाच विचार आहे. कोणावरही मालकी न सांगता सर्वांचे भाऊ होणे. स्त्रियांनाही ही वाट खुली झाली. १२१२ साली असिसीतील सरदार घराण्यातील क्लारा ही तरुणी घर सोडून आली आणि सान दामियानो येथे भगिनींचा संघ उभा राहिला. आम्हाला मालमत्ता नको, हा हक्क त्यांनी पोपकडून मागून घेतला. मालमत्ता मिळावी म्हणून अर्ज करणारे आम्ही रोज पाहतो. नको म्हणून अर्ज करणाऱ्या या भगिनी! क्लारा यांनी स्वतः लिहिलेल्या नियमावलीला ९ ऑगस्ट १२५३ रोजी पोपची मान्यता मिळाली आणि दोनच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

आज्ञापालनाचे व्रत आजच्या तरुणांना खटकेल. परंतु येथे आज्ञा देणाऱ्यालाही बांधून टाकले आहे. या संघात प्रमुखाला जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ सेवक. बंधूंनी त्याच्याशी धन्याने चाकराशी बोलावे इतक्या मोकळेपणाने बोलावे, असे नियमावली सांगते. सदसद्विवेकाविरुद्ध किंवा नियमाविरुद्ध असलेली आज्ञा पाळण्याचे बंधन नाही. प्रमुख सभेत निवडला जातो. मुख्य शाखेचा सर्वोच्च प्रमुख आज सहा वर्षांसाठी निवडतात. एकांतात साधना करू इच्छिणाऱ्यांसाठी फ्रान्सिस यांनी एक छोटी नियमावली केली होती. तीन किंवा फार तर चार जणांनी एकत्र राहावे. दोघांनी आई व्हावे, बाकीच्यांनी मुले. आई झालेल्यांनी रांधावे, राखण करावी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांभाळावे, म्हणजे मुले झालेल्यांना निवांतपणे ध्यान-प्रार्थना करता येईल. काही काळाने भूमिका बदलाव्यात. दाढीवाले पुरुष एकमेकांची आई होतात, ही कल्पना आम्हाला फार हृद्य वाटली.

रोजच्या साधनेचेही मोजमाप होते. ज्यांना वाचता येत असे त्यांनी ठरलेल्या प्रहरी स्तोत्रे म्हणावयाची. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनी येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणावयाची. पहाटेच्या आधी चोवीस वेळा, पहाटे पाच, दिवसाच्या चार प्रहरी प्रत्येकी सात, संध्याकाळी बारा आणि निजताना सात. आम्ही बेरीज केली, दिवसाला शहात्तर होतात. निरक्षर बंधूलाही साधनेत पूर्ण वाटा मिळाला, हे महत्त्वाचे. आज या संघात येऊ इच्छिणाऱ्याला लगेच व्रते देत नाहीत. आधी तयारीचा काळ, मग एक वर्षाची नवदीक्षा, मग किमान तीन वर्षे तात्पुरती व्रते आणि नंतरच कायमची.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. एवढे सगळे सोडलेल्यांकडे सोने आले कोठून?

ते मागच्या दाराने आले, आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने आले. फ्रान्सिस हयात असतानाच बोलोन्या शहरात बंधूंचे घर म्हणून एक इमारत ओळखली जाऊ लागली. त्यांनी सर्वांना, आजाऱ्यांनासुद्धा, तेथून बाहेर पडावयास लावले. तेव्हा कार्डिनल उगोलिनो यांनी ते घर माझे आहे असे जाहीर केले आणि बंधू परत राहावयास गेले. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी फ्रान्सिस उघड्या जमिनीवर निजून मरण पावले. मृत्युपत्रात त्यांनी बजावले होते की अकिंचनतेला न शोभणारी घरे आणि चर्चे घेऊ नका आणि माझ्या शब्दांना टीकाभाष्ये जोडू नका. १६ जुलै १२२८ रोजी त्यांना संतपद मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या नावाच्या भव्य मंदिराची पायाभरणी झाली. ती करणारे पोप नववे ग्रेगरी म्हणजे तेच कार्डिनल उगोलिनो. ते फ्रान्सिस यांचे मित्र आणि पाठीराखे होते, शत्रू नव्हते. १२३० साली त्यांनी निर्णय दिला की मृत्युपत्र बंधूंवर बंधनकारक नाही आणि बंधूंच्या गरजेचे पैसे त्यांच्या वतीने मित्र सांभाळू शकतील. १२४५ साली चौथे इनोसंट यांनी ठरवले की घरेदारे पोपच्या मालकीची आणि बंधूंकडे फक्त वापर.

आम्हा बँकेतल्या माणसांना हा प्रकार लगेच समजतो. मालक एक, वहिवाट दुसऱ्याची. कागद बिनचूक असतो. पण कोठार भरलेले आहे की रिकामे, हे कागद पाहून कळत नाही. १३२२ साली बाविसावे जॉन या पोपने ही व्यवस्था मोडली. खाल्ल्याने संपणाऱ्या वस्तूत वापर आणि मालकी वेगळी कशी करणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. बिनतोड होता, हे कबूल केले पाहिजे.

त्याआधीच एक भयंकर गोष्ट घडून गेली होती. काही बंधू म्हणत, आम्ही आखूड, जाडाभरडा अंगरखाच घालू आणि धान्याची कोठारे ठेवणार नाही. पोपचा हुकूम आला की प्रमुखांचे ऐका, कारण अकिंचनता थोर असली तरी आज्ञापालन त्याहून थोर. म्हणजे एका व्रताने दुसऱ्या व्रताला गाठले. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यापैकी चौघांना १३१८ साली मार्सेय शहरात जिवंत जाळले. अन्न साठवणार नाही एवढ्या हट्टापायी!

हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली, तेव्हा वादाच्या दहा गोष्टींत सोने-चांदी स्वीकारण्याची गोष्ट होतीच. घर सोडणाऱ्यांचा कोणताही संघ असो, पैसा त्याच्या दाराशी येऊन उभा राहतोच.

आपल्या भूमीतही याची दोन टोके दिसतात. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन बंधू ठाण्याला आले. त्यांच्यामागे सैन्य नव्हते, सत्ता नव्हती. धर्मावरील वादातून ते तेथे मारले गेले. ओदोरिक नावाच्या दुसऱ्या बंधूने त्यांच्या अस्थी पुढे चीनपर्यंत नेल्या. दोनशे वर्षांनंतर हेच बंधू पोर्तुगीज राजसत्तेच्या सावलीत आले. बोरिवलीजवळची मंडपेश्वरची लेणी शैव. सोळाव्या शतकात अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन साधूच्या पुढाकाराने तिथे चर्च झाले आणि वर मठ बांधला गेला. त्याचे भग्न अवशेष लेण्यांच्या माथ्यावर आजही उभे आहेत. संघाच्या मूळ पुरुषाचे उदाहरण मात्र निराळे होते. १२१९ साली धर्मयुद्ध चालू असताना फ्रान्सिस निःशस्त्र जाऊन इजिप्तच्या अल-कामिल या सुलतानाला भेटले आणि सुखरूप परतले. अन्य धर्मीयांत राहताना वादविवाद न करता सर्वांचे सेवक होऊन राहावे, असे १२२१ च्या नियमावलीत त्यांनी सांगितले होते. स्वतःचे घर नको म्हणणाऱ्यांच्या वारसांनी दुसऱ्याचे देवघर घेतले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

हे आम्ही कोणाला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. दर काही पिढ्यांनी या संघात कोणीतरी उठते आणि विचारते की आपण काय शपथ घेतली होती? त्यातून फूट पडते, पण प्रश्न जिवंत राहतो. १५१७ साली मूळ नियम काटेकोर पाळणारे आणि सवलती मानणारे वेगळे झाले. १५२५ च्या सुमारास मात्तेओ दा बाशो हे बंधू टोकदार टोपीचा साधा अंगरखा घालून निघाले आणि त्यांच्यामागून कापुचिन ही तिसरी शाखा आली. १५२८ साली तिला मान्यता मिळाली. कापुचिनो कॉफीला नाव पडले ते यांच्याच तपकिरी वस्त्रावरून. या तिन्ही शाखा आजही आहेत. २०१३ साली निवडून आलेल्या पोपनी इतिहासात प्रथमच फ्रान्सिस हे नाव घेतले. ते स्वतः या संघाचे नव्हते, जेझुइट होते. गरिबांची आठवण राहावी म्हणून त्यांनी ते नाव घेतले आणि २०२५ साली निधन होईपर्यंत ते त्याच नावाने ओळखले गेले.

मुलीला द्यावयाचे उत्तर आता आम्हाला असे सुचते. व्रत घेतले की झाले, असे नसते. कपडे एकदाच उतरवता येतात, पण ते पुन्हा अंगावर चढत राहतात. कधी संस्थेच्या नावाने, कधी पुस्तकाच्या, कधी मंदिराच्या. म्हणून व्रत रोज घ्यावे लागते. वेदीवर चढलेले सोने पाहून खाली कोरलेले शब्द खोटे ठरत नाहीत. ते शब्द तेथे आहेत म्हणूनच तर एका शाळकरी मुलीला प्रश्न विचारता आला.

आपण गृहस्थ माणसे. आम्हाला पगार हवा, डोक्यावर छप्पर हवे, मुलांच्या फीसाठी पैसे हवेत. यात काही गैर नाही. आमच्यासारख्याने फ्रान्सिस यांचे अनुकरण करतो म्हणणे हा दंभ होईल. परंतु आपणही संस्था चालवतो, निधी जमवतो, वर्गणीच्या पावत्या फाडतो. विद्यार्थी मित्रांनो, उद्या हे काम तुमच्या हाती येईल. जमाखर्चाचा ताळेबंद तुम्ही जुळवालच. त्याबरोबर वर्षातून एकदा हेही तपासा की निधी माणसांसाठी आहे की माणसे निधीसाठी राबत आहेत. पदावर बसलेला सेवक राहिला आहे की पोथी मागवणारा साहेब झाला आहे. आणि गावाबाहेरच्या माणसाकडे जाण्याची वाट अजून आपल्या पायाखालची आहे की नाही. हे तीन प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारले आहेत. उत्तरे फारशी समाधानकारक आली नाहीत, हेही येथेच सांगून टाकतो.

आमचा धाकटा भाऊ आज सभागृहात आला आहे. कार्यक्रम संपल्यावर त्याच्याबरोबर चहा घेण्याचा आमचा विचार आहे.